डफ आणि पितळी चिलीम

३ ऑक्टोबर १९५७, दसरा

मुखरूला गूळ मिळाला नाही! सगळ्यांच्या देखत! बाबांनी ताट उचललं आणि सरळ आत निघून गेले.

काय झालं ते नीट लिहितो, नाहीतर रागाच्या भरात भलतंच लिहिलं जाईल. दसऱ्याला आमच्या दंडारीची, म्हणजे गावच्या नाच-गाण्याच्या फडाची, वाद्यं पुजतात — डफ, ढोलकी, टाळ, माझी पेटी. पूजा झाली की बाबा डफ आडवा धरतात, त्यावर गुळाचे खडे ठेवतात, आणि दंडारीतला एकेक जण डफावरूनच खडा उचलून तोंडात टाकतो. ज्यानं डफावरचा गूळ खाल्ला, तो त्या सालचा दंडारीचा माणूस. त्याचं तोंड ते दंडारीचं तोंड. न खाल्लेल्यानं बघ्यांत बसायचं. पणजोबांपासून असंच आहे म्हणतात.

मीच मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मुखरूला सांगितलं होतं, तुझा बाजा घेऊन ये. आला — पॅन्ट घालून, केसांना तेल चोपडून, नवरदेव कुठला! बाजा रांगेत ठेवला. माझ्या बायकोनं, कुंतानं, त्याला हळदकुंकूही वाहिलं. बाबा गूळ देत देत आले. ढोलकीवाला वारलू, टाळवाले, मागून ओळ उचलणारे झीलकरी, मग मी. मुखरूपाशी येऊन थांबले.

"हे चिलीम कोनाची हाये?"

लोक हसले. मुखरूही हसला. हा माणूस नको तिथे हसतो.

"बाजा हाये, लटारूभाऊ. सॅक्सोफोन म्हनते याले."

"तोंडानं फुकतेस?"

"हो."

"मंग उष्टा झाला. गणाच्या वाद्यात उष्टं चालत नाई."

इथं मुखरूनं गप्प बसायला हवं होतं. पण नाही. म्हणाला, "ढिवराच्या हातचं पानी चालते तुमाले. मंग त्याच्या तोंडची हवा काऊन नाई चालत?"

बाबांनी उरलेला गूळ ताटात ओतला, आणि गेले.

४ ऑक्टोबर

बाबा बोलत नाहीत. कुंता म्हणते, "तुमी आधी त्यायले इचारलं काऊन नाई?" विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते! बायकोला हे कळत नाही असं नाही. तिला मला बोलायचं असतं, एवढंच.

६ ऑक्टोबर

जे कुणाला सांगता येत नाही ते इथं लिहितो. बाबांचा आवाज गेला आहे.

उन्हाळ्यात फ्लूची साथ आली, त्यात बाबा अंथरुणाला खिळले. ताप गेला, पण जाताना वरचे सूर घेऊन गेला. बोलताना समजत नाही. गाताना मधलं सगळं ठीक — अजून ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो — पण वर चढले की आवाज सुक्या काडीसारखा मोडतो. लटारू शाहिराचा आवाज! नदीच्या अलीकडच्या काठावरून पलीकडच्या काठाला ऐकू जाणारा!

त्यांना अजून हे कळलेलं नाही. किंवा कळून घ्यायचं नाही. मी पेटीवर असतो म्हणून मला ऐकू येतं. आणि दिवाळीनंतर आरमोरीची मंडई, म्हणजे जत्रा, आहे. तिथं नदीपलीकडच्या इसरू शाहिराची दंडार येणार, भर दुपारी सवाल-जवाब होणार. सवाल ज्या सुरात आला, जबाब त्याच सुरात द्यायचा. जबाबाची ओळ मधेच तुटली तर डफ समोरच्याला द्यावा लागतो. दिलेला डफ पुन्हा जिंकून आणेपर्यंत गावात दंडार उभी राहत नाही. मधल्या पाड्याचा डफ असाच माझ्या लहानपणी गेला, तो गेलाच. तिथं आता दंडार नाही.

म्हणून मुखरू हवा. बाबांचा सूर मोडेल तिथं त्याचा बाजा इतका जोरात असेल की कोणाला काही कळणार नाही. एवढाच माझा डाव होता. संगीताशी त्याचा काही संबंध नव्हता, खरं सांगायचं तर!

८ ऑक्टोबर, कोजागिरी

दूध आटवलं. कोणी आलं नाही.

११ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर ढिवरपुऱ्यात गेलो. मुखरू अंगणात जाळं विणत होता. बाजा खाटेवर, लुगड्यात गुंडाळलेला, बाळंतिणीच्या पोरासारखा.

मुखरू माझ्याबरोबर चौथीपर्यंत शाळेत होता. मग कामठीला पलटणीच्या बँडवाल्यांकडे बूट पुसायला गेला, तिथून लढाईच्या दिवसांत कलकत्त्याला. हॉटेलात बशा धुवायचा. हॉटेलात गोव्याचा एक मास्तर वाजवायचा, त्यानं याला शिकवलं. मास्तर मेला, बाजा याच्याकडे आला. पोळ्याच्या सुमारास गावी परतला तो कायमचा. त्याच्या बोलण्यातलं निम्मं खोटं असेल. पण कोणतं निम्मं, ते सांगता येत नाही.

म्हणाला, "लढाईत कलकत्त्यात अमेरिकेचे काळे सोजीर होते. ते हॉटेलात येऊन वाजवत. गुरुजी, त्यायचे आजे-पणजे परायाच्या वावरात कापूस वेचत होते. गुलाम! हे गानं वावरातून आलं. फुकट नाई आलं. त्याले जाझ म्हनते."

मी म्हटलं, वाजव.

वाजवलं. सुरुवातीला मला राग आला. ताल पडून जातो आणि हा मागून येतो! वर्गात उशिरा येणाऱ्या पोरासारखा. मी मांडीवर थाप धरली — आमच्या दंडारीचीच, दुसरी मला येत नाही. आणि काय झालं कोण जाणे — बसलं! आमच्या डफाची चाल सरळ नाहीच. एक थाप लांब, एक आखूड. चिखलात रोवणी करताना एक पाय काढावा तर दुसरा फसावा, तशी. तेवढ्या फटीत मुखरूचा सूर येऊन बसत होता. उशीर नव्हताच तो! तिथं जागाच होती. इतकी वर्षं मी पेटीनं ती जागा भरून टाकत होतो.

मुखरू थांबला, माझ्याकडे बघितलं. या खेपेला हसला नाही.

घरी येईपर्यंत बाबांचा आवाज, मंडई, काही काही आठवलं नाही. याची लाज वाटते.

१३ ऑक्टोबर

आज एक युक्ती केली. बाबा काळी पाचच्या सुरात गातात. मी सांगितलं, पेटीची काळी पाच बसली, पट्टी वाजत नाही, नागपूरला नेल्याशिवाय दुरुस्ती नाही. तोवर काळी दोनवर धरू.

बाबांनी पेटीकडे पाहिलं. "बसली काय?"

"हो."

"बरं."

खालच्या सुरात गायले. इतकं सुंदर गायले की मला मान वर करवेना.

१४ ऑक्टोबर

वारलू घरी आला. म्हणतो, तो ढिवर चिलीम घेऊन आला तर मी ढोलकी सोडतो. मी म्हटलं, सोड. "सोडीनच!" म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

१७ ऑक्टोबर

आरमोरीचा बाजार. पेठेतल्या चहाच्या हॉटेलात बॅटरीचा रेडिओ आहे. मुखरूनं मालकाला गूळ लावून सिलोनचं इंग्रजी स्टेशन लावायला लावलं. काय तो गोंगाट! माणूस ओरडत होता की गात होता, देव जाणे. खाली कसलीशी तार करवतीसारखी चाललेली.

"विजेची गिटार," मुखरू म्हणाला. "नवं निघालं. कलकत्त्यात पोट्टे येडे झाले. जाझवाले नाक मुरडते — म्हनते, गानं बाटवून राह्यले. अन् गंमत सांगू का गुरुजी, जाझ नवा होता तवा त्याले बी असंच म्हनत होते. बाटवलं म्हनून."

मी म्हटलं, मग पुढं काय?

"पुढं काय? एक दिस हे दोघं बी एका खाटेवर बसतीन. कोनी बसवले नाई तरी बसतीन. ज्याले बाटवलं म्हनते ना, तेच टिकते."

मोठा शहाणा! पण वाटभर तेच डोक्यात होतं. माझी पेटी तरी कोणाची? साहेबाच्या देवळातून आली. आजोबांनी ती दंडारीत आणली तेव्हा अर्ध्या गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, असं बाबाच सांगतात. आता पेटीला पहिला नारळ फुटतो.

रात्री जेवताना हे बाबांना ऐकवलं. बाबा म्हणाले, "पेटीले थुंक लागत नाई." आणि ताक मागितलं. झालं! वाद संपला.

२० ऑक्टोबर

आगीतून फुफाट्यात. मुखरूच्या बाजाची पत्ती मोडली. तोंडाच्या टोकाशी एक पातळ पत्ती असते, ती थरथरते तेव्हा सूर निघतो. ही शेवटची होती. कलकत्त्याशिवाय मिळत नाही. मंडई नऊ दिवसांवर!

मी डोक्याला हात लावून बसलो. मुखरू उठला, बुरडाच्या घरून बांबूचं एक कांबट आणलं, आणि विळ्यानं तासायला बसला. कांबट फुकट जात होतं, तो शिव्या देत होता. संध्याकाळपर्यंत एक पत्ती कशीबशी बसली.

आवाज बदलला! आधी तुपासारखा होता. आता खरखरीत, थोडा फाटका. आमच्या माणसांसारखा. मी म्हटलं, बिघडला. मुखरू म्हणाला, बिघडला. पण थांबला नाही. वाजवतच राहिला.

तेवढ्यात कुंपणापलीकडे कोणी खोकलं. बाबा! धानाच्या बांधीवरून परत येताना थांबले होते. किती वेळ, ठाऊक नाही. आत आले नाहीत. कुंपणावरूनच म्हणाले, "आता कोनी मानूस गाऊन राह्यला असं वाटते." मग — "मंडईत नाचाले वाजवजो. गण झाल्यावर. पन सवाल-जवाबात चिलीम तोंडाले लागली नाई पायजे. आयकलं काय?"

"आयकलं, लटारूभाऊ."

मी विचारलं, "अन् गूळ?"

"गूळ दसऱ्याले असते. दसरा गेला."

२५ ऑक्टोबर

तालमी चालू. वारलूनं ढोलकी सोडलेली नाही. उलट काल त्यानं एक नवीनच तुकडा काढला, मुखरूच्या सुराला उत्तर म्हणून. विचारलं तर म्हणतो, "असाच निंगाला." चेहरा मात्र दारू प्यायल्यासारखा लाल. नाचणारी पोरं तालीम संपली तरी घरी जात नाहीत.

बाबा डफ वाजवतात, मुखरूकडे बघत नाहीत. दोघांमधली जागा मी बघतो. दिवाळी आली कधी, गेली कधी, कळलं नाही. कुंता रागावली आहे — तिला लुगडं आणायचं राहिलं.

२६ ऑक्टोबर

पलीकडच्या काठावरून इसरूचा निरोप आला. नीट ऐकण्यासारखा निरोप! — "लटारूभाऊले सांगा, आमची पेटी चांगली हाये. आमी काळी पाचनंच सवाल टाकू."

म्हणजे त्याला कळलं! कोणी सांगितलं? आमच्यातल्याच कोणीतरी, किंवा वारा. बाबांना निरोप सांगितला तेव्हा ते विळ्याला धार लावत होते. म्हणाले, "टाकू दे." तेवढंच.

२८ ऑक्टोबर

आज बाबांना सांगणार होतो — सवाल घेऊ नका, नाचून परत येऊ, त्यात कमीपणा नाही. दोनदा तोंड उघडलं. दोनदा त्यांनी काहीतरी काम सांगितलं. सांगितलं नाही. उद्या मंडई.

३० ऑक्टोबर

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज घरी कोणी नाही, लिहितो.

मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. मुरमुऱ्यांचे ढीग, पाळणे, धूळ. आमचा गण झाला — मुखरू बघ्यांत बसला, शहाण्यासारखा. मग नाच. बाबांनी मान हलवली आणि मुखरू उठला.

लोक आधी हसले. "चिलीम! चिलीम!" मग बाजानं पहिला सूर लावला, वारलूनं त्याला उत्तर दिलं, डफ खालून लंगडत आला, आणि हसणं बंद. बंद म्हणजे बंदच! पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. सिरोंच्याकडून आलेले तेलुगू व्यापारी, डोंगरातले माडिया, बाजाराच्या बाया, सगळे दाटीवाटीनं पुढे. कोणाला ते आपलं वाटत होतं आणि कोणाला परकं, सांगता येत नव्हतं. मला तर दोन्ही वाटत होतं, एकाच वेळी. पेटीवर माझी बोटं आहेत हेही मी विसरलो होतो. आयुष्यात इतका आनंद मला झालेला नाही. लग्नातही नाही. (कुंतानं हे वाचू नये.)

मग इसरू उभा राहिला. तरणा, छातीचा भाता मोठा. काळी पाचनं सवाल टाकला, टिपेला नेऊन ठेवला, आणि बाबांकडे बघून हसला.

बाबा उठले. डफ खांद्याशी. पहिल्या तीन ओळी — काय सांगू! इसरूचं हसणं गेलं. शेवटच्या ओळीला वर चढायचं होतं. चढले. अर्ध्यात आले आणि मोडला. आवाज मोडला! पूर्ण मंडईत नुसती डफाची थाप.

झीलकऱ्यांनी ओळ उचलायची असते. ते तोंड उघडे टाकून उभे. मी पेटी सोडली. आणि तेवढ्यात, त्या मोडलेल्या जागेवरूनच, जिथून बाबा पडले तिथूनच, मुखरूनं ओळ उचलली. बाजानं. शब्द नव्हते, पण ओळ तीच होती. वर नेली, फाटक्या आवाजात, आणि खाली आणून बाबांच्या हाती ठेवली. बाबांनी शेवटचा शब्द गाऊन जबाब पुरा केला.

लोकांनी टोप्या उडवल्या.

इसरू ओरडला, "ओळ तुटली! डफ द्या!"

पंचांत म्हातारे गुणवंतराव मुख्य. ते म्हणाले, ओळ तुटली नाही, झीलकऱ्यानं उचलली, झील दंडारीतला कोणीही धरू शकतो. इसरू म्हणाला, चिलीम काय झीलकरी आहे? गुणवंतराव म्हणाले, "अरे, चिलीम तोंडानंच फुकते ना? तोंडच होतं तिथी. कोनाचं तोंड, एवढंच पाहाचं हाये." मग आमच्याकडे वळले. "यानं डफावरचा गूळ खाल्ला काय?"

मुखरू जमिनीकडे बघत होता. बाबांनी तोंड उघडलं. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला — मी म्हणालो, "खाल्ला."

मोठ्यानं. शाळेत हजेरी घेतो तसा.

गुणवंतरावांनी बाबांना विचारलं, "लटारू, पोरगा म्हनते ते खरं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ, की माझे कान तापले. मग म्हणाले, "पोरगा मास्तर हाये माझा."

लोक हसले. गुणवंतराव हसले. डफ आमचाच राहिला.

२ नोव्हेंबर

गाव डोक्यावर घेतंय आम्हाला. आज वडशाचं बोलावणं आलं, काल ब्रह्मपुरीकडचं. प्रत्येकाची एकच अट — चिलीम पाहिजे! लवकर पिकणारा हलका धान कापायला गेलेल्या बाया मुखरूचा तो तुकडा गुणगुणत होत्या. शब्द नसलेला तुकडा, त्यांनी त्यात आपले शब्द घातले, आणि विळे त्या चालीवर चालले होते — लांब, आखूड. मी बांधावर उभा राहून ऐकलं. हे आता परत घेता येणार नाही. कोणाच्या बापाला येणार नाही.

मुखरू मात्र येत नाही. दिसला की वाट बदलतो.

बाबांनी डफ खुंटीला टांगला आहे. हात लावत नाहीत.

५ नोव्हेंबर

वारलू म्हणतो, "जिंकलो ना? मंग काऊन तोंड पाडून बसले सारे?" त्यालाही ठाऊक आहे. दंडारीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सगळ्यांनी मिळून गिळलं ते.

तलावावर मुखरूला गाठलं. म्हटलं, तुझ्यासाठीच बोललो, तुझी इज्जत राहिली. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी मले खोट्यानं दंडारीत घेतलं. खऱ्यानं घेतलं असतं तं बरं वाटलं असतं." आणि पाण्यात जाळं फेकलं.

माझ्यासाठी कोणी काहीच बोलत नाही! डफ कोणी वाचवला?

८ नोव्हेंबर

आज बाबा बोलले. बैलांना चारा टाकत होते, मी मागं उभा होतो.

"पेटीची काळी पाच बसली नोहती."

"मास्तर, आवाज गेला ते मले ठाऊक हाये. माझाच तं होता."

मी म्हणालो, "बाबा, डफ गेला असता. दंडार बसली असती. तुमची मान—"

"मान!" चाऱ्याची पेंढी आपटली त्यांनी. "मी नाई म्हनाले तोंड उघडलं होतं. खाल्ला नाई, म्हनून सांगनार होतो. आन् त्याच जागी, साऱ्यायच्या समोर, त्याले गूळ देनार होतो. डफ देऊन मंग देनार होतो. तू मधीच बोलला."

मला वाटलं जमीन दुभंगावी.

"आवाज तापानं नेला," बाबा म्हणाले. "शब्द तू नेला."

मी रडलो. तिथंच, गोठ्यात, इतक्या वर्षांचा बाप्या माणूस. बाबांनी बघितलं आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

९ नोव्हेंबर

शाळेत पोरांना उगाच मारलं. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आलो.

११ नोव्हेंबर

बाबा सकाळी डफ घेऊन मुखरूच्या डोंग्यात बसले आणि पलीकडे गेले. इसरूच्या गावातल्या चार माणसांसमोर सांगितलं — गूळ खाल्ला नव्हता, माझा पोरगा खोटं बोलला. डफ दिला. इसरू घेत नव्हता म्हणे; बाबांनी त्याच्या हातात ठेवला.

हे मला मुखरूनं सांगितलं, दारात उभं राहून. आत आला नाही. म्हणाला, येताना नदीच्या मधोमध लटारूभाऊंनी वल्हं थांबवायला लावलं आणि खालच्या सुरात गायले. "मले म्हनाले, वाजव. वाजवलं. डफ नोहता तं डोंग्याच्या फळीवर थाप देत होते." आता पुढच्या मंडईला डफ जिंकायला जायचं आहे. नवी तालीम उद्यापासून मुखरूच्या अंगणात.

निरोप सगळ्यांना गेला. मला नाही.